डावी कळी

बाबली गुरवाचा डावा डोळा गेला तो त्याच्या स्वतःच्या हट्टाने. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही, मग डॉक्टर कशाला, म्हणून गडी वर्षभर बसून राहिला. उठला तेव्हा त्या डोळ्याच्या मधोमध काळोख बसला होता. पुढे उजव्यालाही तसंच सुरू झालं, तेव्हा मात्र सून गौरवी त्याला जवळजवळ ओढतच पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या आतला फोटो काढून दाखवला. पडद्याच्या मागे नको तिथे बारीक शिरा फुटतात, त्या गळतात, आणि त्या पाण्याने पडदा फुगतो. औषध थेट डोळ्यातच टोचायचं. टोचलं की गळती थांबते, सोडलं की पुन्हा सुरू.

"म्हणजे छपराचे नळे परतूचे तशा," बाबली म्हणाला. "वर्साक एकदा परतूक व्हये, नायतर पाणी आत."

"वर्साला नव्हे, महिन्याला," बाई म्हणाल्या. "आणि चुकवायचं नाही."

डोळ्यात सुई म्हटल्यावर गावाने आधी तोंडात बोटं घातली, मग गावाला सवय झाली. महिन्यातल्या एका बुधवारी बाबली पहाटेची पूजा आटपून म्हापशाची बस धरायचा आणि सांजवेळी डोळ्यावर पांढरी पट्टी लावून उतरायचा. तिठ्यावर यशवंत गावकर हटकून विचारायचा, "काय रे, आंधळो मागता एक डोळो, देव दिता किती?" बाबली म्हणायचा, "आसा तो ऱ्हवलो तरी पावला." आणि दोघंही हसायचे. पेडण्याच्या लोकांची थट्टा अशीच. दुखऱ्या जागेवरच बोट ठेवतात, पण हलकेच ठेवतात.

पण गुरवाचा डोळा ही नुसती त्याच्या घरची गोष्ट नव्हती. रवळनाथाच्या देवळात कौल घ्यायचा मान गुरवांचा. देवाच्या छातीवर पिटकोळीच्या दोन लाल कळ्या पाण्याने चिकटवायच्या, एक देवाच्या उजवीकडे, एक डावीकडे. बाहेर चौकात उभा राहून गावकर, म्हणजे गावचा मानकरी, गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पडेस्तोवर थांबायचं, मग त्यात अर्धा दिवस जावो. गाभाऱ्यात गुरवाशिवाय कुणाला पाय टाकता येत नाही, आणि आत उजेड एका समईचा. बाहेरच्यांना देवाचा मुकुट तेवढा चकाकताना दिसतो. कळी पडलेली दिसते ती एकट्या गुरवाला. तो वळून सांगतो तोच कौल. लग्न, विहीर, जमीन, दुखणं, गावाचं सगळं त्याच्या सांगण्यावर चालतं.

ह्या मानाची पाळी दोन घरांत होती, एक वर्ष बाबलीकडे, एक वर्ष त्याचा चुलत भाऊ प्रवीण ह्याच्याकडे. दोघांची घरं एकाच कुंपणात, आणि एका फणसाच्या झाडावरून दोघांचं बोलणं बंद. झाड केव्हाच वठलं, अबोला मात्र हिरवागार राहिला. बाबलीचा मुलगा दत्तप्रसाद वास्कोच्या बंदरावर क्रेन चालवायचा. तो काही परत येऊन समया पुसणार नव्हता. एका घराकडून सेवा झाली नाही की पाळी कायमची दुसऱ्या घराकडे जायची, अशी जुनी रीत. तेव्हा उजव्या डोळ्यात बाबलीचं काय काय अडकलं होतं, ते वेगळं सांगायला नको.

मार्चातला बुधवार दोन दिवसांवर आला आणि सगळं बंद झालं.

बस बंद, बाजार बंद, नदीच्या पुलावर पोलीस. देऊळही बंद, पण देवाला कुठली टाळेबंदी? पाळी तेव्हा बाबलीची होती; तो पहाटे उठून विहिरीचं पाणी काढायचा, देवाला आंघोळ घालायचा, गंध उगाळायचा, आणि दार ओढून घरी यायचा. मग घरची तिघं काजूंना डोंगरावर. त्या वर्षी बोंडू असा धरला होता की झाडाखालची जमीन पिवळी-तांबडी दिसत होती. पडलेला बोंडू उचलायचा, बी पिरगळून एका डब्यात, बोंडू दुसऱ्या डब्यात. वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला व्हायचा, हातांना चिकाने भेगा पडायच्या.

"अहो, पायाकडचे सगळे सोडून खय चललात?" बाबलीची बायको शेवंती मागून ओरडली. "हयसर पाच बोंडू आसत, तुमच्या नाकासमोर!"

बाबलीने खाली बघितलं. पाचोळाच दिसला. मान जरा तिरपी केली तेव्हा पाचही बोंडू कडेने पुढे आले, लपाछपी खेळणाऱ्या पोरांसारखे.

"बघलंय मी ते," तो म्हणाला. "मागसून उचलतलंय."

घरी येऊन हात-पाय धुतले आणि तो ओसरीवरच्या जनेलासमोर उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, सरळ रेघा वाकड्या दिसल्या की लगेच यायचं. त्याने डावा डोळा हाताने झाकला. जनेलाचे गज उभे सरळ होते, पण मधल्याने पोट काढलं होतं. त्याने गज चाचपून बघितला. बोटांना तो सरळच लागला.

गौरवीने इस्पितळात फोन लावला. दिवसभर लागेना, दुसऱ्या दिवशी लागला. तिने मोबाईल सासऱ्याच्या कानाला धरला.

"दुखतं का?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"दुखणा नाय."

"लाल झालाय? पाणी, पू?"

"तसला कायएक नाय."

"मग तातडीचं नाही. सध्या तातडीचेच बघतात. आम्ही फोन करू, तोवर घरातच राहा."

बाबलीला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. गौरवी मात्र चिडली. "बाबा, गज वाकडो दिसता म्हणान सांगूक नाय तुमी?"

"तेणी इचारल्यानी खय?"

ती कपाळावर हात मारून घेत आत गेली. पण बाबलीचंही काय चुकलं? विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, वर एक शब्द नाही, ही कौलाची रीत. आयुष्यभर तो हेच करत आला होता. त्या बाईने पुन्हा फोन उचलावा म्हणून गौरवीने पुढे पुष्कळ खटाटोप केला, पण एक तर लाइन व्यस्त, नाहीतर तेच उत्तर. आम्ही फोन करू.

एप्रिल गेला, मे गेला. फुगलेल्या गजावर आता धुराचा डाग बसला, जनेलाच्या काचेवर कुणी तेलकट बोट टेकवावं तसा. बाबली डोळा पुसायचा, पाण्याने धुवायचा. डाग जिथे बघावं तिथे पुढे. तेल समईच्या बाहेर पडायला लागलं. चहाची बशी मेजाच्या कडेवर ठेवली ती खाली गेली. यशवंत देवळाच्या पायरीवर लांब बसून होता, तो म्हणाला, "हुर्राक घेतलंस काय रे सकाळीच?" बाबली हसला, पण घरी येऊन पुन्हा जनेलाचे गज चाचपत बसला. घाबरलेला माणूस दोनच गोष्टी करतो, एक तर सगळ्यांना सांगतो, नाहीतर कुणालाच सांगत नाही. बाबली दुसऱ्या जातीचा.

मधे शेजारची जानकी आली. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, घरात एक म्हैस. हॉटेलं बंद, दूध जात नव्हतं, पेंड मिळत नव्हती. म्हैस ठेवू की विकू, तेवढं देवाला विचारा, म्हणून ती चौकात पदर पसरून उभी राहिली. विकायची तर उजवी, असा कौल बाबलीने लावला आणि "उजवी, इकूक सांगता" म्हणून सांगितलं. जानकीने कारापूरच्या माणसाला म्हैस दिली, आणि दावं सोडताना रडली.

जूनच्या सुरुवातीला इस्पितळाचा फोन आला. पडद्याचे रुग्ण पुन्हा घेतोय, अमुक दिवशी या, सोबत एकच माणूस.

गौरवीने स्कूटरमध्ये पेट्रोल भरून आणलं. पण त्याच आठवड्यात वास्कोत रोग फुटला. दत्तप्रसाद राहायचा ती आळीच पोलिसांनी बांबू ठोकून बंद केली. त्याचा फोन आला, आवाज पार उतरलेला. "आई, बाबांक खयच धाडू नको. हयसले सगळे आजारी त्याच इस्पितळात नेतत. डोळो ऱ्हवलो आणि माणूस गेलो, तर काय करतलं?"

"डोळो गेलो आणि माणूस ऱ्हवलो, तर?" गौरवी म्हणाली. फोन स्पीकरवर होता.

मग शेवंती म्हणाली, "माज्या मनान नको आणि तुज्या मनान नको. देवाक इचारूया."

गुरवाच्या घरात म्हशीला रेडा कुठला, हेसुद्धा विचारून ठरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंत गावकर तोंडाला पंचा बांधून चौकात उभा राहिला. शेवंती आणि गौरवी तुळशीपाशी. बाबलीने पिटकोळीच्या कळ्या ओल्या केल्या, बोटांनी देवाची छाती चाचपली आणि दोन्ही कळ्या बसवल्या. त्या कामाला त्याला डोळे लागत नव्हते. मग तो मागे सरला. यशवंतने आवाज चढवला:

"बा देवा रवळनाथा, बारा पाचाच्या धन्या म्हाराजा! ह्यो तुजो चाकर बाबली आज तुज्या पायाकडे इलो हा. तेच्या डोळ्याक दुखणा, आणि वाटेर रोग आडवो पडलो हा. इस्पितळात जाऊन तो सुखरूप घराक येतलो आसात तर उजवी दी. नाय तर डावी दी, आणि चाकराक घरात सांबाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका म्हणाल्या.

बाबली बघत उभा राहिला. बाहेर पावसाची पिरपिर, आत तेलाचा वास. काळ्या दगडावर उजवीकडची कळी त्याला अंधुक लाल दिसत होती. डावीकडे डाग होता. त्याने पापण्या मिटल्या, उघडल्या. डावीकडे लाल काही नव्हतं. इस्पितळातल्या त्या गर्दीला, प्लास्टिकच्या कपड्यांतल्या माणसांना तो मनातून फार भ्याला होता. माणसाला जे हवं असतं ते दिसायला डोळा लागत नाही, आणि तेवढ्यापुरता बाबलीही माणूसच. त्याने मान तिरपी करून एकदा कडेने बघायला हवं होतं. त्याने बघितलं नाही.

"डावी दिली," तो बाहेर तोंड करून म्हणाला.

पडलेली कळी मागणाऱ्याला द्यायची असते. बाबलीने पायाकडच्या फुलांत चाचपलं, हाताला लागली ती पिटकोळीची कळी उचलली आणि शेवंतीच्या ओंजळीत टाकली. तिने ती तांदळाच्या डब्यात ठेवली. गौरवी स्कूटर आत लावून आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवावरचं शिळं उतरवताना बाबलीच्या बोटांना देवाच्या छातीवर डावीकडे काही खरखरीत लागलं. त्याने नखाने सोडवून तळहातावर घेतलं. कळी. सुकून दगडाला घट्ट चिकटलेली. त्याचा हात आपोआप उजवीकडे गेला. तीही जागेवरच होती.

म्हणजे देवाने काहीच सांगितलं नव्हतं. तो अजून विचारच करत होता, आणि बाबली दार ओढून घरी गेला होता.

तो तिथेच खाली बसला. घागर कलंडली, पाणी त्याच्या धोतराखालून मोरीकडे गेलं. पहिला विचार आला तो डोळ्याचा नव्हे, प्रवीणचा आला. हे कळलं तर पाळी गेली. मग जानकीची म्हैस डोळ्यांपुढे आली. दोन्ही कळ्या त्याने निर्माल्यात टाकल्या आणि वरून भरपूर दूर्वा घातल्या.

आता पंचाईत कशी झाली बघा. इस्पितळात जायचं तर कौल मोडायला हवा. कौल मोडायचा तर तो खोटा का, ते सांगायला हवं. ते सांगितलं की सेवा गेली. न सांगावं तर डोळा जाणार, आणि डोळा गेला की सेवाही गेलीच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शहाणा माणूस त्याच दिवशी जाऊन सांगून आला असता. बाबली रोज उद्यावर ढकलत राहिला, आणि आषाढ लागला.

लावणी सुरू झाली. माणसं मिळत नव्हती म्हणून घरची तिघंच भाताच्या खाचरात उतरली. गुडघाभर चिखल, पाठीवर प्लास्टिक, कानात बेडकांचा गजर. डाव्या हातात तरव्याची मूठ, उजव्याने चार काड्या सोडवून चिखलात रोवायच्या आणि मागे सरकायचं. बाबली लहानपणापासून लावत आलेला. गावात त्याच्या ओळीची तारीफ व्हायची. दुपारी गौरवी कंबर ताठ करायला उभी राहिली आणि मागे बघतच राहिली. शेवंतीची ओळ सरळ, तिची स्वतःची बऱ्यापैकी. सासऱ्याची ओळ सापासारखी वळत जाऊन शेवंतीच्या ओळीत घुसली होती, आणि एका ठिकाणी त्याने रोवलेल्यावरच पुन्हा रोवलं होतं.

ती चिखल तुडवत त्याच्याजवळ गेली. शेवंती बांधावर पेजेचं भांडं उघडत होती. गौरवीने चिखलाचा हात त्याच्या समोर धरला. "बाबा, किती बोटां?"

"चल, काम कर."

"सांगा."

बाबलीने मान तिरपी केली. तिने हातही तसाच तिरपा नेला. त्याने पुन्हा मान हलवली, तिने पुन्हा हात. शेवटी त्याने तरव्याची मूठ चिखलात टाकून दिली.

"दिसना नाय गो," तो म्हणाला. "समोरचा कायच दिसना नाय. तुजा तोंड दिसना नाय माका. कान दिसतत."

गौरवीचे डोळे भरून आले, पण ती रागाने म्हणाली, "मगे चला आत्ता! कौल काय म्हणता ता ऱ्हवांदे."

"कौल कायच म्हणूक नाय."

"म्हणजे?"

"डावी पडूक नाय. खयचीच पडूक नाय. माका दिसली नाय म्हणान मी पडली म्हणालंय."

पाऊस दोघांच्या प्लास्टिकवर वाजत राहिला. शेवंती बांधावरून बघत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिने पेजेचं भांडं झाकलं आणि ती घराकडे चालायला लागली. बाबलीला वाटलं, संपलं. हिच्या ओंजळीत आपण भलतीच कळी टाकली, ही काही आता आपल्याकडे बघणार नाही.

दोघं चिखल धुऊन घरी पोचले तेव्हा शेवंती तांदळाचा डबा उपडा करून ती कळी शोधत होती. सापडल्यावर तिने ती अंगणात भिरकावली.

"देवाच्या नावान माका फशिवलात," ती म्हणाली. "महिनोभर मी तेच्या नावान सुटकेचो सुस्कारो सोडतंय. माका वाटला, देवान तुमका सांबाळल्यान! जावा आता यशवंताकडे. सांगा तेका. नी उद्या त्या चेडवाच्या मागे बसून इस्पितळात जावा. माज्याकडे बघू नकात. बघलात तरी काय दिसतला!"

आणि मग ती त्याच उपड्या डब्याजवळ बसून ओक्साबोक्शी रडली.

यशवंतला सांगताना बाबली देवळाच्या पायरीवर उभा होता. यशवंतने सगळं ऐकून घेतलं, पंचा तोंडावरून खाली ओढला, पुन्हा वर केला. थट्टा करायची त्याची शहामत झाली नाही.

"सगळ्यांक सांगूचा लागतला, बाबल्या," तो एवढंच म्हणाला.

"सांग. मी येतंय इस्पितळातून तोवर सांग."

सासरा सुनेच्या मागे स्कूटरवर बसलेला पेडण्याने तोवर पाहिला नव्हता. बाबलीने दोन्ही हात मागे नेऊन लोखंडी दांडी धरली आणि अंग इतकं आखडून घेतलं की म्हापशाला पोचेपर्यंत मांड्यांत गोळे आले. तोंडाला फडकं होतं म्हणून बरं. बाजारातून जाताना ओळखीचं कुणी असेल तर ते त्याला दिसलं नाही, आणि त्यानेही मान वर केली नाही.

इस्पितळात एक खुर्ची सोडून एक माणूस. सगळे म्हातारे, सगळ्यांच्या माना थोड्या तिरप्या. बाबलीच्या शेजारी साखळी गावाहून आलेली पद्मावती म्हणून म्हातारी होती. तिला कुणी कौल दिला नव्हता. तिचा मुलगा विलगीकरणात आणि बस बंद, एवढंच. तिचाही मार्च चुकला होता, तिलाही फोन करू म्हणाले होते. "माका नातवाचा तोंड पुसट दिसता," ती म्हणाली, आणि लगेच, "आनी तुमका?" बाबलीला वाटलं, आपण एकटेच मूर्ख नव्हतो. त्याने बरं वाटावं की वाईट, ते त्याला कळेना.

डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर प्लास्टिकची ढाल होती. भिंतीवरचं सगळ्यात मोठं अक्षरही बाबलीने कडेने, अंदाजानेच सांगितलं. फोटो काढले. बाई बराच वेळ फोटोकडे बघत होत्या.

"मधे वण धरलाय," त्या म्हणाल्या. "तेवढं परत येणार नाही. बाजूचं गळतंय, ते थांबवायला आजच इंजेक्शन देऊ."

"जूनात इलंय आसतंय तर?"

"थोडं जास्त राहिलं असतं."

"किती?"

"ते मला सांगता येणार नाही. मार्चपासूनच गळत होतं."

"बाई, दिसतला की नाय, एक काय ता सांगा."

"नाही सांगता येत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दमलेला होता, पण त्यात खोटं नव्हतं. "दर महिन्याला या. तीन झाली की बघू. त्याआधी मी होय म्हणाले तर ते खोटं, आणि नाही म्हणाले तरी खोटंच."

पापण्या फाकवून धरणारा चिमटा लागला, थेंब पडले, सुई आली. दुखलं नाही, नुसतं दाबलं. बाबलीला त्या क्षणी मनापासून रडायचं होतं, पण चिमट्याने पापणी मिटेना. पाणी कानशिलावरून उशीत गेलं आणि नर्सने ते औषधाचं समजून पुसलं.

परत आला तेव्हा गावाला कळलेलं होतं. चतुर्थी झाल्यावर देवळाच्या चौकात गावकर लांब लांब बसले. कुणी म्हणालं, दंड घ्या. कुणी म्हणालं, गेल्या वर्षभरातले सगळे कौल पुन्हा लावा. जानकी उठून उभी राहिली. "कायव करा, पण माजी म्हस?" आणि एवढ्या गंभीर बैठकीत दोघे-तिघे फसकन हसले. बाबली हसला नाही. तो उठून म्हणाला, पूजा मी करीन, पाणी काढीन, गंध उगाळीन, कळ्या लावीन. हातांना चूक नाही. पण बघायला दुसरा डोळा द्या. पाळी प्रवीणकडे गेली तरी चालेल.

सगळ्यांनी प्रवीणकडे बघितलं. तो खांबाला टेकून बसला होता. पाळी कायमची घ्यायला त्याला फक्त मान हलवायची होती.

"पाळी तेची तेका ऱ्हवांदे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "बघूक मी उभो ऱ्हवतंय."

पहिला कौल जानकीचाच. म्हैस परत आणू की नको? बाबलीने कळ्या ओल्या केल्या, चाचपून बसवल्या आणि मागे सरला. प्रवीण त्याच्या खांद्याशी उभा राहिला. इतक्या वर्षांत दोघं एवढे जवळ उभे राहिले नव्हते. बाबलीला त्याच्या श्वासातला पानाचा वास येत होता. बाहेर यशवंतचं गाऱ्हाणं संपलं, जानकी एकटीच जोरात "व्हय म्हाराजा!" म्हणाली, आणि सगळं शांत झालं.

समोर देवाच्या जागी बाबलीला करडा डाग दिसत होता आणि डागाच्या कडेला मुकुटाची चकाकी. कळ्या होत्या की नव्हत्या, त्याला माहीत नव्हतं. बाहेर जानकी आतल्या काळोखाकडे बघत कशी उभी असेल, ते त्याला आत्ता कळलं. तीस वर्षं माणसं अशी बाहेर उभी होती, आणि त्यांच्याकडे त्याच्या तोंडाच्या शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं.

बराच वेळ गेला. बाहेर कुणी खोकलं. बाबलीला राहवेना.

"पडली?" त्याने हळूच विचारलं.

प्रवीण पुढे वाकला, नीट बघितलं, मग मागे सरला.

"नाय," तो म्हणाला. "अजून पडूक नाय. थांब."

बाबलीने मान हलवली आणि तो थांबला.